कुलपातली जॅकेटं

कुंदाबाईला पोहता येत नव्हतं. फैजपूरच्या पुढे, धरणानं अडलेल्या तापीच्या फुगवट्यावर नवऱ्याबरोबर बोटिंगचं ठिकाण सांभाळायची, पण घोट्याच्या वर ती कधी पाण्यात उतरली नव्हती. नवरा निंबा मोटरबोट चालवायचा. ती तिकिटं फाडायची, कणसं भाजायची, संध्याकाळी बोटीतला चिखल पुसायची.

ठिकाण हितेंद्रचं. त्यानं नवी नारिंगी लाइफ जॅकेटं आणली आणि प्लास्टिकसकट खोलीत ठेवून कुलूप घातलं. "लोकांच्या घामानं खराब होतात. साहेब तपासणीला आले की दाखवायची," तो म्हणाला. निंबानं चावी मागितली, तर म्हणाला, "भीती वाटत असेल तर दुसरा माणूस बघतो." निंबानं पुन्हा चावी मागितली नाही. कुंदाबाईनंही नाही.

मे महिन्यातल्या एका रविवारी एरंडोलहून भूपेंद्र पाटील बायको, दोन मुलं आणि धाकटी बहीण पुनम यांना घेऊन आला. बोटीत चढताना त्याची बायको दिपमाला म्हणाली, "जॅकेटं नाहीत का हो?"

निंबानं खोलीकडे पाहिलं. "कुलूप हाये ताई. जवळच फिरवून आनतो."

बोट मधोमध पोचली आणि वारा सुटला. काठावरच्या केळीची पानं फाटायला लागली. तेवढ्यात इंजिनाचा आवाज बंद पडला. बोटीत ना वल्हं, ना दोर. बोट लाटांना आडवी झाली आणि पाणी आत येऊ लागलं. डब्यानं पाणी उपसणारा निंबा कुंदाबाईला काठावरून दिसत होता.

हितेंद्र पाचोऱ्याला लग्नात होता. तिनं फोन लावला. मागं बँड वाजत होता.

"भाऊ, चाबी कुठी हाये? नाव बुडू रायली!"

"कुलूप तोडू नका कुंदाबाई, मी माणूस पाठवतो."

फोन तिथंच टाकून तिनं दगड उचलला. हात सोलवटले, कुलूप हलेना. अखेर कडीच उखडली. जॅकेटं कवटाळून ती बाहेर आली, तर बोटीचा तळ वर झाला होता.

दुसरी बोट नव्हती. ती ओरडत शेजारच्या केळीच्या बागेत धावली. तिथं नुकतीच कापणी झाली होती. मजुरांचा मुकादम भटू पळत आला. त्यानं केळीचे तोडलेले खांब पाण्यात लोटून एकमेकांना बांधले.

"वहिनी, तुम्ही थांबा!"

"जॅकेटं कोन धरीन?" म्हणत तिनं एक स्वतः चढवलं, बाकीची हातांत ओवली आणि खांबांवर पालथी पडली. भटू मागून रेटत होता. नाकातोंडात पाणी जात होतं, तरी ती निंबाच्या नावानं हाका मारत होती.

उलट्या बोटीला चौघं चिकटली होती. पुनम त्यांच्यात नव्हती. निंबा पुन्हापुन्हा बुडी मारत होता. कुंदाबाईनं जॅकेट पुढं केलं, त्यानं ते ढकललं. "हे घालून खाली जाता येत नाही!" शेवटी भटूनंच त्याला केसांना धरून वर ओढलं. चौघं जॅकेटं घालून काठाला लागली.

पुनम दुसऱ्या दिवशी सकाळी पाणवेलींत सापडली.

पोलिसांपुढे हितेंद्र म्हणाला, "जॅकेटं इथंच आहेत, बघा. यानं वाटली नाहीत." उखडलेली कडी दाखवायला कुंदाबाई खोलीकडे धावली. दारावर कडी नव्हती, कुलूपही नव्हतं. कुणीतरी आधीच सगळं काढून नेलं होतं. ती आजूबाजूची माती उकरत बसली.

तेव्हा निंबा बोलला. "कुलूप व्हतं, हे खरं हाये. अन् तरी मी नाव सोडली, हेबी खरं हाये."

"कुलूप मी पाहिलं होतं," दिपमालानं सांगितलं. पोलिसांनी हितेंद्र आणि निंबा दोघांनाही नेलं.

निंबा जामिनावर सुटला. तो आता घराबाहेर पडत नाही. कुंदाबाई भटूच्या टोळीत केळीचे घड वाहते. पावसाळा संपता संपता ती एकटीच एरंडोलला गेली. दिपमालानं दार उघडलं, ओळखलं, आत बसवून पाणी दिलं.

"तुमच्या यजमानांनी नाही म्हटलं असतं," दिपमाला म्हणाली, "तर आम्ही कणसं खाऊन परत गेलो असतो."

"हो," कुंदाबाई म्हणाली. आणखी काही बोलायला ती आली नव्हती.