रोबोच्या डोळ्यावरचं कुंकू

सायखेड्याहून नाशिकला येताना एसटीत शेजारी बालवाडीच्या एक बाई होत्या. मांडीवर छोटा रोबो, झोपलेल्या लेकरासारखा पदराखाली घेतलेला.

"ट्रेनिंगला नीट चालला हो. वर्गात नुसता भिंतीला धडकतोय. ट्रेनिंगवाल्यांना परत दाखवायला नेते."

मी पाहिलं तर डोळ्याच्या काचेवर कुंकवाचा जाड थर. "एवढं पुसा, दिसेल त्याला," मी शहाणपणानं म्हणालो.

बाईंनी पदराचं टोक पुढे नेलं, मागे घेतलं. पुन्हा नेलं.

"नवी वस्तू म्हणून पोरांनी पूजा केली. प्रत्येकानं बोट लावलंय. का पुसलं विचारलं तर काय सांगू?"

नाशिक आलं, तरी टोक त्यांच्या चिमटीतच होतं.

"तुम्ही पुसता का?" त्यांनी रोबो पुढे केला.

मी हात खिशात घातले.