सामान न घेता गेलेला वेल्डर

या प्रकरणात ना खून झाला होता, ना चोरी. तरी पोलीस खात्यातल्या आणि त्यानंतरच्या नोकरीतल्या सगळ्या तपासांत मला आधी हेच आठवतं.

मुंबई पोलिसांतून निवृत्त होऊन मी दुबईत जबल अलीतल्या एका बांधकाम कंपनीच्या लेबर कॅम्पचा सुरक्षाप्रमुख झालो होतो. मंदीचा काळ होता. क्रेन उभ्या होत्या आणि माणसांना तिकिटं देऊन घरी पाठवणं चालू होतं. अशात किर्गिझस्तानचा एक वेल्डर हजेरीला आला नाही. आठवड्याभरात त्याचं विमान होतं.

एचआरचा अधिकारी डोंबिवलीचा. म्हणाला, "सर, पॉलिसी क्लिअर आहे. ॲबस्काँडिंग टाकून देऊ, खलास."

फरारी अशी नोंद झाली की तुरुंग आणि पुन्हा या देशात बंदी. मी त्याच्याकडून मुदत मागून घेतली आणि खोली पाहायला गेलो. बॅग खाटेखाली होती, दाढीचं सामान जागच्या जागी. पळणारा माणूस निदान कपडे तरी नेतो.

पहिली खबर कंपनीच्या बसच्या पठाण ड्रायव्हरने दिली. "साब, वो रास अल खोर में उतरा. हाथ खाली था."

रास अल खोर म्हणजे गोदामं आणि गॅरेजं. तिथे नुसतं शोधत फिरण्यात अर्थ नव्हता. मी त्याच्या खोलीतल्या सोबत्याला बोलावलं. तोही त्याच देशाचा, पण राजधानीचा. दुभाषी म्हणून कॅम्पच्या क्लिनिकमधली डॉक्टर बसली. ती नांदेडची, पण वैद्यकीचं शिक्षण तिने त्याच राजधानीत घेतलं होतं.

"तो कुठे आहे?"

"माहीत नाही." तो थेट माझ्या डोळ्यांत बघत होता. खोटं बोलणारा नजर चुकवतो म्हणतात. माझा अनुभव उलटा आहे. मी चहा मागवला आणि बेपत्ता माणसाचा विषय सोडून त्याच्या देशाबद्दल विचारत राहिलो.

हळूहळू तो खुलला. डॉक्टर सांगत गेली, "काका, तो म्हणतोय, तो वेल्डर दक्षिणेचा. सोव्हिएत राज्य गेलं, तिकडची सामुदायिक शेती मोडली, आणि माणसं राजधानीकडे यायला लागली. शहराबाहेरच्या मोकळ्या शेतांत घरं बांधतात. ते मीही पाहिलंय."

"एकेकटे येतात?"

"नाही. एका गावाची एक गल्ली."

मी कप खाली ठेवला. लालबागला ड्यूटीवर असताना कोकणातला माणूस हवा असला की आम्ही पत्ता विचारायचो नाही, त्याच्या गावकीची, म्हणजे गावच्या मंडळींची, खोली विचारायचो.

"इथे त्याचे गाववाले कुठे राहतात?"

सोबत्याने आधी दार लावून घेतलं. मग म्हणाला, "त्याला पकडणार नसाल तर सांगतो." मी शब्द दिला.

रास अल खोरच्या एका गॅरेजात वेल्डर आपल्या गावकऱ्यांबरोबर भाकरी खात बसला होता. मला आणि डॉक्टरला बघून उभा राहिला, पण पळाला नाही.

"का आलास इथे?"

"विमान मला दक्षिणेत उतरवणार. तिथे माझं कोणी नाही."

त्याची बायको मुलांना घेऊन गावच्या लोकांबरोबर राजधानीकडे गेली होती. एवढं त्याला उडत उडत कळलं होतं. तिच्याकडे त्याच्या जुन्या कॅम्पचा नंबर, आणि तो कॅम्प कधीच बंद झालेला. आपलं घर कुठे आहे हेच त्याला ठाऊक नव्हतं. ते विचारायला तो गाववाल्यांकडे आला होता. उत्तर मिळेपर्यंत हलायची त्याची तयारी नव्हती.

गॅरेजवाल्यांचे फोन चालूच होते. दुपारी तिकडच्या एका शेजाऱ्याने त्याच्या बायकोच्या हातात फोन दिला. वेल्डरने इकडचा फोन स्पीकरवर टाकला. डॉक्टर माझ्या कानाशी म्हणाली, "ती म्हणतेय, नुसत्या भिंती उभ्या आहेत, छप्पर नाही."

"छप्पर मी घालतो," तो म्हणाला.

एचआरने कुरकुरत का होईना, तिकीट राजधानीचं करून दिलं.

पत्ता मोडला तरी शेजार लवकर मोडत नाही, हे मी त्या गॅरेजात शिकलो. हरवलेल्या माणसाचा शोध तिथून सुरू करावा.

माझा नातू अबू धाबीत, मोहम्मद बिन झायद सिटीत वाढतोय. मध्यंतरी त्याला विचारलं, "तुझं गाव कुठलं रे?" म्हणाला, "आजोबा, व्हिच वन?" त्याचे गाववाले कोण, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.