लांबवलेली पूजा

आमच्या मठातले स्वामी म्हणत, मन म्हणजे माकड, एका फांदीवर टिकत नाही. ऐकणारे माना डोलवत. मला मात्र राग येई. माकड बिचारं भुकेपायी उड्या मारतं. माझं मन पूजेतून कशापायी उठून पळतं ते मला पक्कं ठाऊक होतं, आणि ते मी स्वामींना कधीच सांगितलं नाही.

परंड्याजवळच्या गावात आमचं किराणा दुकान होतं. निजामाच्या राज्याची शेवटची धामधूम चालू होती. माझा थोरला भाऊ हद्द ओलांडून बार्शीकडं, निजामाविरुद्ध लढणाऱ्यांच्या कॅम्पात निघून गेला. दुकान, म्हातारी आई, पोलिसांची रोजची चौकशी, सगळं माझ्या गळ्यात. मुलूख त्यानं सोडवायचा आणि दाराला कडी घालून मी बसायचं! तो निघाला तेव्हा कडाक्याचं भांडण झालं. "अण्णा, पुन्हा तुमचं तोंड बघणार न्हाय," असं मी म्हणालो.

पुढं दोन-तीन महिन्यांनी एका सकाळी मी पूजेला बसलो होतो. गळ्यातलं इष्टलिंग काढून डाव्या तळहातावर घ्यायचं आणि त्यावर नजर लावायची. मध्ये उठायचं नाही, बोलायचं नाही, ही आमच्याकडची रीत. तेवढ्यात मागच्या दारानं भाऊ आला.

"अव्वा, लगेच निघायचंय मला. त्याला उठव की, दोन शब्द बोलतो."

"पूजा मोडू नगं, बाबा. जरा थांब," आई म्हणाली.

तो थांबला. खरं तर माझी पूजा संपत आली होती. मी ती लांबवली. थांबू दे म्हटलं, कळू दे ताटकळणं काय असतं. आणि नवल असं, की त्या सुडाच्या भरात माझं मन जितकं शांत झालं, तितकं पुढं जन्मात कधी झालं नाही.

"चालू दे त्याचं. पुन्हा येतो," म्हणून तो गेला. त्याच दिवशी हद्दीवरच्या ओढ्यात गोळी लागून पडला.

तेव्हापासून पूजेत मन जरा निवू लागलं की पाठीमागं कुणीतरी उभं आहे, आत्ता निघून जाईल, असं वाटतं. मी अर्ध्यातच उठतो.

आईनं मला कधी बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं. मरेपर्यंत ती आल्यागेल्याला कौतुकानं सांगायची, "थोरला दारात उभा हुता, तरी माझ्या लेकानं पूजा मोडली न्हाय." आणि मी ते खाली मान घालून ऐकून घ्यायचो.