छातीला पट्टा बांधणारे काका

स्वतःच्या छातीची आमच्या घरमालकांइतकी चौकशी करणारा माणूस पनवेलात दुसरा झाला नसेल. नोकरीतून निवृत्त झाल्यावर लोक देवळात जाऊन बसतात, काकांनी मागच्या पडवीत व्यायामशाळा काढली. सभासद ते एकटेच. दोन डंबेल्स, आणि एक पहार, जिच्या दोन टोकांना जुन्या जात्याचे दगड अडकवलेले. ती पहार उचलताना ते एवढे कण्हत की समोरच्या एसटीडी बूथमधला मालक फोनवरच्या गिऱ्हाइकाला सांगे, "काही नाही हो, जातं वर चाललंय." काकू म्हणत, "माझं जातं मोडून ह्यांची बॉडी व्हायचीय!"

त्यांचा भाचा बोटीवर नोकरीला होता. त्याने परदेशातून एक घड्याळ आणि रबरी पट्टा आणला. पट्टा छातीला बांधला की घड्याळात हृदयाचे ठोके दिसत आणि किती कॅलरी जळल्या तेही दिसे. पट्टा आतून ओला लागतो, थुंकी लावली तरी चालेल, असं भाच्याने सांगितलं होतं. काका खवळले. "उष्टं छातीला लावू आणि वर जानवं घालू?" मग त्यांनी देवाच्या तीर्थाने पट्टा भिजवायला सुरुवात केली. त्यामुळे पूजा झाल्याशिवाय व्यायाम नाही. पट्ट्याला तुळशीचं पान चिकटलं तर ते काढत नसत, आकडा चांगला येतो म्हणत.

व्यायाम झाला की घड्याळ बघून ते किती जिलब्या खायच्या ते ठरवत. पण घड्याळ मोजायचं ठोके, त्याला दगडाचं वजन कुठून कळणार? एकदा पट्टा बांधलेला असतानाच काका बूथवाल्याशी भांडले आणि आकडा जात्यापेक्षा वर गेला. तेव्हापासून घरात जिलबी आली की काका रस्ता ओलांडून भांडायला जात. बूथवालाही भला माणूस. "या काका, आज कशावरून?" असं विचारून खुर्ची द्यायचा.

आम्ही त्यांचे भाडेकरू. माझे मिस्टर उरणच्या कारखान्यात पाळीवर जायचे. त्या वर्षी मी फार वाळत चालले होते. जेवण असून अंगाला लागत नव्हतं, दोन बादल्या पाणी भरलं की बसावं लागे, हात कापत. सासूबाई गावाहून आल्या की म्हणत, "बायको हाय का कागद हाय? वारा आला तर उडंल. कामाची नाय, धाडून दे माहेराला." शेवटी मिस्टरांनीही मला गव्हाणला, माझ्या माहेरी, सोडायचं ठरवलं. असं पाठवलेलं माणूस परत येत नाही, हे मला माहीत होतं. पण मी कोणाला काही बोलले नाही. मला बोलताच येत नाही.

त्याच आठवड्यात काकांनी काकूंना सुनावलं, "बायकांच्या कामाला व्यायाम म्हणत नाहीत." काकू म्हणाल्या, "द्या तो पट्टा इकडे." त्यांच्या गुडघ्यांना पाटा झेपत नसे, त्यांची चटणी मीच वाटायची. त्यांनी मला आतल्या खोलीत नेऊन पट्टा बांधला आणि पाट्यासमोर बसवलं. काका घड्याळ घेऊन शेजारी बसले. मी वरवंट्याला हातही लावला नव्हता.

"सूनबाई, आत्ता काय उचललंस?"

"काही नाही, काका."

"पळत आलीस?"

"नाही."

जात्याचे दगड उचलून झाल्यावर त्यांच्या ठोक्यांचा जो आकडा असे, त्याच्याही वर माझा होता. काकू म्हणाल्या, "अहो, तुमच्यासमोर बसलीय, लाजते ती." काकांनी पट्टा स्वतःला बांधून बघितला, घड्याळ ठीक होतं. मला पाणी दिलं, बराच वेळ स्वस्थ बसू दिलं आणि पुन्हा बांधायला लावलं. आकडा तोच. "इतकं कोणी लाजत नाही," ते म्हणाले. मग हळू आवाजात विचारलं, "असं धडधडतं कधीपासून?"

हे मला आजवर कोणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "पुष्कळ दिवस झाले. मला वाटलं, माझा स्वभावच भित्रा आहे."

त्या दिवशी जिलबी तशीच राहिली. काकांनी रिक्षा आणली, काकूंना आणि मला घेऊन डॉक्टरांकडे गेले आणि टेबलावर तो ओला पट्टा ठेवला. डॉक्टर आधी हसले. मग त्यांनी माझ्या गळ्याला हात लावून बघितला आणि हसायचे थांबले. रक्त तपासलं. गळ्यातली थायरॉइडची ग्रंथी जास्त काम करत होती, आणखी उशीर झाला असता तर हृदयाला धोका होता. गोळ्या सुरू झाल्या. सासूबाई आल्या तेव्हा काका स्वतः आमच्या दारात येऊन म्हणाले, "ही आळशी नाही. बसल्या जागी हिचं अंग तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त राबत होतं." सासूबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आसं हाय व्हय? मंग गोली टायमावर खा गो बाय." मला माहेरी पाठवायची गोष्ट पुन्हा निघाली नाही.

पुढे काका-काकू मुलाकडे पुण्याला राहायला गेले. सामानाचा टेंपो दारात उभा होता. मी पाया पडले. काय बोलायचं ते मी आदल्या दिवसापासून मनात जुळवून ठेवलं होतं. काका थांबले. "बोल की गं."

माझ्या तोंडून एवढंच निघालं, "काका, पाणी आणू?"

टेंपोवाला हॉर्न वाजवत होता, काकू हाका मारत होत्या. काका पायरीवर बसले आणि मी आणलेलं तांब्याभर पाणी सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत प्यायले.