एका नामांकित विद्यापीठातून

चारचौघांत आडनाव विचारणाऱ्या माणसांचा मला राग येतो. अजूनही येतो, आणि तो कमी व्हावा अशी माझी मुळीच इच्छा नाही. माझं आडनाव काय, हे एव्हाना तुमच्याही मनात आलं असेल, तर ते इथे मिळणार नाही.

२००३ साली लग्न करून मी नागपूरहून टेक्सासला आले. नवरा आयटीत. माझा व्हिसा त्याच्या व्हिसाला बांधलेला, त्यामुळे मला नोकरीची परवानगी नव्हती, शिकायची मात्र होती. इकडे येण्याआधी मी मायक्रोबायोलॉजी शिकून पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करत होते. अपार्टमेंटमध्ये बसून नवऱ्याची वाट बघणं मला झेपेना. तासाभराच्या ड्राइव्हवर एक विद्यापीठ होतं. एके काळी कृष्णवर्णीय मुलांना बाकी कुठलंच कॉलेज दारात उभं करत नव्हतं, तेव्हा त्यांच्यासाठी सुरू झालेलं. आधी शिक्षक तयार करणारं स्कूल निघालं, मग शेतकीचं, बिझनेसचं, सोशल वर्कचं आणि नर्सिंगचं. ज्या वस्तीला शिक्षक मिळत नव्हते तिने शिक्षक तयार केले, ज्यांना कोणी हात लावत नव्हतं त्यांनी आपल्या नर्स तयार केल्या. मला हे समजून घ्यायला कोणाच्या व्याख्यानाची गरज नव्हती. माझ्या घरातही शिक्षण असंच आलेलं आहे. मी नर्सिंगला ॲडमिशन घेतली.

आमच्या भागात पंचवीसेक मराठी घरं होती. त्या सगळ्यांना धरून ठेवणाऱ्या एक काकू होत्या, मूळच्या पुण्याच्या. नव्याने आलेल्यांना पहिला आठवडाभर डबा पाठवायच्या, विमानतळावर घ्यायला जायच्या. काका नवऱ्याचे मॅनेजर, आमच्या ग्रीन कार्डाची फाइल त्यांच्याच सहीने पुढे सरकणार होती. काकू आमच्याकडे पहिल्यांदा आल्या तेव्हा हॉलमधली बुद्धाची मूर्ती बघून म्हणाल्या, "किती पीसफुल वाटतं गं! आर्ट पीस कुठून घेतलास, मॉलमधून?" अमेरिकेत अर्ध्या घरांत शोभेचा बुद्ध असतो, त्यांना वाटलं आमचाही तसलाच. मी म्हटलं, "काकू, आम्ही वंदना करतो त्याची." त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. मग नागपुरात नेमकं कुठे घर, वडील कशात होते, आणि शेवटी आडनाव. ते ऐकल्यावर "हो का, छान" म्हणाल्या. त्या "छान"चा अर्थ आमच्या घरात लहान पोरालाही कळतो.

ॲडमिशनचं कळल्यावर त्यांचा फोन आला. "अगं, ती काळ्यांची युनिव्हर्सिटी ना? सेफ आहे का तिथे? आणि डिग्रीला व्हॅल्यू काय? कम्युनिटी कॉलेज परवडलं त्यापेक्षा." तळपायाची आग मस्तकात गेली. त्या विद्यापीठाच्या आवारात काकूंनी कधी पाऊल टाकलं नव्हतं. नवरा शेजारी बसून हातानेच "जाऊ दे, जाऊ दे" करत होता. मी जाऊ दिलं, पण ते काही गिळलं गेलं नाही.

नर्सिंग स्कूलच्या पहिल्या दिवशी हजेरी झाली. आमच्या प्राध्यापिका साठीच्या पुढच्या, पांढराशुभ्र कोट, काजळासारखा रंग आणि आवाज असा की मागच्या बाकावरचाही ताठ बसावा. प्रत्येकीला मिस आणि आडनाव, प्रत्येकाला मिस्टर आणि आडनाव. माझं आडनाव त्यांनी वर्गात मोठ्याने म्हटलं आणि माझी मान आपोआप वळली, कोणकोण बघतंय ते बघायला. ती जुनी सवय. कोणीच बघत नव्हतं. एका मुलीने मला पहिल्या नावाने हाक मारली, तेव्हा बाईंनी तिला तिथेच थांबवलं.

"माझी आई चाळीस वर्षं नर्स होती," त्या म्हणाल्या. "तिच्या वॉर्डात गोऱ्या नर्सना सगळे मिस म्हणत, मागे आडनाव लावत. माझ्या आईला डॉक्टरांची शाळकरी पोरंसुद्धा नुसत्या नावाने हाक मारायची. या इमारतीत ते चालणार नाही. इथून बाहेर पडाल तेव्हा पूर्ण नावाने बाहेर पडाल."

पुढची वर्षं मी माझं आडनाव रोज ऐकलं. शरीरशास्त्राच्या लॅबमध्ये, बाळंतिणींच्या वॉर्डात, माझ्या हातून सुई चुकली तेव्हा रागाने आणि पेशंटला आराम पडला तेव्हा कौतुकाने. ते त्यांना नीट उच्चारता यायचं नाही, पण त्यात चौकशी नव्हती. मला त्या दिवसांत इतकं हलकं वाटायचं की रडू यायचं, आणि आपल्याच माणसांत ते का वाटू नये म्हणून संताप यायचा.

२००७ मध्ये मी पदवीधर झाले. आमची मराठी घरं दिवाळीला एका शाळेचा कॅफेटेरिया भाड्याने घेऊन जमायची. फराळ, मुलांचे नाच, आणि मग गुणगौरव. त्या वर्षी ज्याने कुठली पदवी मिळवली असेल त्याचं नाव, कॉलेज सगळं माईकवर वाचायचं आणि शाल-श्रीफळ द्यायचं. काकूंनी माझी माहिती मागितली. मी पूर्ण नाव लिहिलं, नर्सिंगची पदवी लिहिली, विद्यापीठाचं नाव लिहिलं. नवरा म्हणाला, "एवढं कशाला? नुसतं नाव दे ना यार." मी तसंच पाठवलं.

कार्यक्रमात आधी एक इंजिनिअर झालेला मुलगा, आडनावासकट, विद्यापीठाच्या नावासकट, टाळ्या. मग एक एमबीए, तीही आडनावासकट. मग काकू हसून म्हणाल्या, "आणि आपल्या सगळ्यांच्या लाडक्या..." पुढे माझं नुसतं पहिलं नाव. "हिने एका नामांकित विद्यापीठातून हेल्थकेअरमध्ये पदवी मिळवली आहे!"

टाळ्या पडल्या. मी वर गेले. शाल खांद्यावर घालताना मी हळूच विचारलं, "काकू, पूर्ण का नाही वाचलंत?"

त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला. खरोखर मायेने. "अगं, तुझ्याचसाठी. लोक उगाच काहीबाही बोलतात. झाकली मूठ सव्वा लाखाची असते."

शिव्या दिल्या असत्या तर मी कदाचित खाली उतरले असते. पण त्या माझ्यावर उपकार करत होत्या. माझं आडनाव आणि माझं विद्यापीठ, दोन्ही एखाद्या डागासारखी त्यांनी शालीखाली झाकली होती, आणि त्याबद्दल मी आभार मानावेत अशी त्यांची अपेक्षा होती. समोर काका बसले होते. नवऱ्याने माझ्याकडे बघून मान नकारार्थी हलवली.

मी काकूंच्या हातातून माईक घेतला. माझं पूर्ण नाव सांगितलं. विद्यापीठाचं नाव सांगितलं, ते कोणी आणि कोणासाठी काढलं ते सांगितलं, आणि हेल्थकेअर नाही, नर्सिंग, असं सांगितलं. लोकांचं मलमूत्र साफ करायलाही मी तिथे शिकले, हेही सांगितलं.

पुढच्या टेबलावरून एका बाईंचा आवाज आला, शेजारणीला सांगितल्यासारखा, पण सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"तरीच."

"तरीच काय?" मी माईकवरूनच विचारलं.

काहींच्या हातात प्लेटा होत्या, त्या तशाच राहिल्या. काकांनी चष्मा काढून पुसायला घेतला. काकूंनी माईकसाठी हात पुढे केला आणि हसत म्हणाल्या, "चला चला, जेवण थंड होतंय."

"थांबा काकू," मी म्हटलं. "त्यांचं उत्तर येऊ दे आधी."