शांतवनकाकांचा चुना

शांतवनकाका गेले, हे मला पंचवटीत भाजी घेताना कळलं. फोनवर आमच्या चर्चचे पाळक होते. बातमी सांगून ते म्हणाले, "उपासना अंगणात घ्यावी लागेल. आत प्लास्टर पडतंय..." हातातली मेथी मी तशीच ठेवून दिली. ज्या माणसाने चाळीस वर्षं ते दगडी चर्च सांभाळलं, त्याची शवपेटी आत न्यायची सोय आम्ही ठेवली नव्हती.

काका गवंडी. इंग्रजांच्या काळातल्या त्या इमारतीची देखभाल वडिलांकडून त्यांच्याकडे आलेली. दर पावसाळ्यानंतर ते दगडांच्या सांधी उकरून नव्या चुन्याने भरायचे. चुना महिनाभर भिजायचा, त्यात गूळ आणि बेलफळाचा गर पडायचा. घाई करणाऱ्याला ते म्हणायचे, "लोणचं मुरू देता ना? मग ह्यालाबी मुरू द्या."

दोन हजार सालानंतर बाहेरचे पाहुणे चर्च पाहायला येऊ लागले आणि आमच्या कमिटीला एकाएकी भिंतींची लाज वाटू लागली. नवे दिवे, माहितीचा फलक... इथवर ठीक होतं, दिवे तर काकांनाही आवडले. मग कुणीतरी म्हणालं, आतून सिमेंटचं प्लास्टर करून रंग देऊ, दरवर्षीची कटकट मिटेल. काकांना बोलावलं. "दगड पाणी पितो, साहेब. चुन्यातून ते बाहेर निघतं. सिमेंट लावलं तर कुठं जाईल? लय पस्तावाल." पाळकांनी प्रार्थना केली आणि सिमेंटच्या बाजूने असतील त्यांना हात वर करायला सांगितले. सेक्रेटरी मी. लहानपणी मला खांद्यावर घेऊन घंटा दाखवणारा तो माणूस माझ्याकडेच पाहत होता. मी हात वर केला. नुसती मिरवायची हौस होती ती, आणि तिचा मला आजही संताप येतो.

त्यानंतर काका रविवारी बाहेरच्या पायरीवर बसूनच उपासना ऐकत. तिसऱ्या पावसाळ्यात भिंती फुगल्या. "सांगितलं होतं" असं ते एकदाही म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर बरं झालं असतं.

काकांच्या दफनानंतर, मागच्या आठवड्यात, सिमेंट खरवडायचं ठरलं. "चुन्याचं काम कुणाला येतं?" पाळकांनी विचारलं. सगळे माझ्याकडे पाहू लागले. मला एवढंच ठाऊक होतं, की काका चुना चर्चमागच्या हौदात भिजवायचे आणि रोज संध्याकाळी जाऊन ढवळायचे. पाहुण्यांच्या गाड्यांना जागा हवी म्हणून तो हौद आम्ही तेव्हाच बुजवला होता. पाहुणे आता फिरकत नाहीत. रविवारी तिथे माझी गाडी उभी असते.