देवमाशाचं नाक

“ह्येका सुई खंय टोचतलात, डॉक्टर?” परबनं विचारलं.

प्रश्न रास्त होता. परब माझा ड्रेसर. म्हणजे जनावरांच्या दवाखान्यात जखमा बांधणारा, जनावर धरणारा आणि डॉक्टरला भानावर ठेवणारा माणूस. मूळचा मालवणकडचा. त्याच्या हातात आमची पत्र्याची पेटी होती आणि पेटीत म्हशींची औषधं होती. समोर वर्सोव्याच्या वाळूवर, ओहोटीनं मागे टाकलेला, सिंगल डेकर बसपेक्षा थोडा आखूड असा एक जिवंत देवमासा पडला होता.

पंच्याऐंशीच्या आसपासची गोष्ट. मी तेव्हा अंधेरीच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात होतो. माझं जग जोगेश्वरीच्या तबेल्यांपुरतं होतं. फुगलेल्या म्हशी, अडलेल्या म्हशी, मधूनच एखादा रुसलेला पोपट. त्या सकाळी साहेबांचा फोन आला.

“डॉक्टर, वर्सोव्याला जा. व्हेल लागलाय किनाऱ्याला. जिवंत आहे म्हणतात.”

“साहेब, मासळीचं खातं वेगळं आहे.”

“त्यांनाच आधी विचारलं. ते म्हणतात, व्हेल हा मासा नाही. सस्तन प्राणी आहे, पिल्लाला दूध पाजतो. दूध देणारं जनावर म्हणजे आपलं.”

शास्त्रीयदृष्ट्या यात चूक काढता येत नव्हती. सरकारी खात्यांना शास्त्राची इतकी अचूक आठवण एरवी येत नाही.

मी देवमाशाला स्टेथोस्कोप लावला. काही ऐकू आलं नाही. कातडीखाली चरबीचा जाड थर असतो, हे मला नंतर वाचून कळलं. तेव्हा फक्त माझ्याच कानातली धडधड ऐकू येत होती. कातडी ओल्या रबरासारखी गुळगुळीत होती, उन्हाच्या बाजूला सुकत चाललेली. तोंडात दात नव्हते. वरच्या जबड्याला खराट्याच्या हिरांसारख्या पट्ट्या होत्या, समुद्र गाळून बारीक मासळी खाण्यासाठी. एका वल्ह्याला, म्हणजे त्याच्या हाताला, नायलॉनच्या जाळ्याचा दोर करकचून आवळला होता आणि मांसात रुतला होता. सुती जाळी कुजून तुटायची. ट्रॉलरबरोबर आलेली ही नवी जाळी कुजत नाही, तिच्या मालकाला तिचं तेच कौतुक असतं.

मग मी त्याच्या डोळ्याजवळ गेलो. डोळा म्हशीच्या डोळ्याएवढाच वाटला. इतक्या मोठ्या देहाला इतका ओळखीचा डोळा असेल, असं मला वाटलं नव्हतं. तो माझ्याकडे बघत होता की माझ्या पलीकडे, सांगता येत नाही. बराच वेळ त्यानं श्वासच घेतला नाही. गेला, असं मी परबला म्हणणार, एवढ्यात डोक्यावरची दोन भोकं उघडली आणि गरम, दमट, मासळीचा वास असलेला वारा माझ्या तोंडावर आला. क्षणभर मी किनाऱ्यावर नव्हतो. कुठल्या तरी खोल, हिरव्या, उजेड न पोचणाऱ्या ठिकाणची हवा माझ्या चष्म्यावर जमली होती.

“जिवंत आसा,” परब म्हणाला.

माझं निदान म्हशीचंच होतं. बसलेली म्हैस एका कुशीवर तशीच पडू दिली तर स्वतःच्या वजनानं गुदमरते, म्हणून तिला छातीवर सरळ बसवतात. देवमाशाचं वजन जन्मभर पाणी उचलतं. वाळूवर ते त्याच्या फुप्फुसांना उचलावं लागतं. ओढून नेणं आमच्या हातात नव्हतं, भरती संध्याकाळी येणार होती. तोवर त्याला श्वास घेता आला पाहिजे आणि कातडी सुकता कामा नये, एवढंच काम. खुरं तासायच्या सुरीनं मी दोर कापला. कोळीवाड्यातली माणसं फावडी घेऊन आली. आम्ही वल्ह्यांखाली खड्डे केले, म्हणजे ती मोडणार नाहीत, पोटाच्या बाजूनं वाळू दाबून त्याला सरळ केलं आणि ओली गोणपाटं अंगावर टाकली. दुपारपर्यंत सगळं बरं चाललं होतं.

मग भक्ती सुरू झाली.

देवमासा आला, ही बातमी अंधेरी स्टेशनपर्यंत पोचली होती. नावातच देव. लोक हळदकुंकू, हार, नारळ घेऊन आले. मी गोणपाटं भिजवण्यासाठी शेपटीकडे होतो. परत येऊन बघतो तर डोक्याशी रांग लागलेली, आणि रांगेतला प्रत्येक जण तांब्यातलं पाणी थेट त्या दोन भोकांवर ओततोय. अभिषेक! जोगेश्वरीचा माझा एक तबेलेवाला दुधाचं कॅन घेऊन उभा होता.

“अरे, थांबा! काय करताय?”

“डॉक्टरसाब, भगवान है,” तबेलेवाला हात जोडून म्हणाला.

रांगेच्या तोंडाशी चांगुणाबाई होती. कोळीवाड्यातली मोठी बाई, सकाळपासून गोणपाटांसाठी पाणी वाहणारी. कमरेला हात लावून ती माझ्याकडे वळली.

“पानी तूच घालाला सांगतलास ना?”

“अंगावर, मावशी. डोक्यावर नाही.”

“देव हाय तो. देवाच्या डोक्यावर नको तं काय पायावर घालू? पाय तरी हाय काय त्याला?”

लोक हसले. मी म्हणालो, “मावशी, ते त्याचं नाक आहे. नाकात पाणी गेलं तर बुडून मरेल.”

“दर्यात राहतो नि पान्यानं मरेल? शिकलास कुठं रे तू?”

हा युक्तिवाद मला कॉलेजात कुणी केला नव्हता. देवमासा हवेत श्वास घेतो, पाण्यात शिरताना नाक घट्ट मिटतो, वगैरे मी सांगू लागलो. कुणी ऐकेना. तेवढ्यात चांगुणाबाईनं तांब्या उचलला, ती वाकली, आणि भोकं उघडली. फुस्सकन वारा सुटला. तिच्या तोंडावर, नथीवर, कपाळाच्या कुंकवावर सगळा फवारा उडाला. ती दोन पावलं मागे गेली. पदरानं तोंड पुसलं. मग हुंगून बघितलं.

“अगो माय,” ती हळूच म्हणाली. “यानं बांगडं खाल्लंन.”

त्यानंतर मला काही समजवावं लागलं नाही. ती पाठमोरी होऊन डोक्याशी उभी राहिली आणि रांगेला म्हणाली, “मागं फिरा सगली. देवाला नाक हाय. शेपटीवर घाला पानी, तिथं काय पन घाला.”

संकट एवढ्यावर टळलं नाही. नगरसेवक आले. त्यांच्यामागे फोटोग्राफर, त्याच्यामागे ट्रॅक्टर.

“डॉक्टर, किती वेळ असा ठेवणार? शेपटीला दोर बांधा. ट्रॅक्टरनं खेचू, दहा मिनिटांत समुद्रात.”

“साहेब, शेपटीत त्याचा कणा आहे. उखडला तर समुद्रात जाईल तो मेलेलाच जाईल.”

“मग मी लोकांना काय सांगू?”

“भरती येतेय, असं सांगा.”

भरती स्वतःहून येते, तिचं श्रेय घेता येत नाही, ही अडचण त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसली. मग त्यांनी चांदीचा कलश मागवला. निदान अभिषेक तरी त्यांच्या हातून व्हावा. ते डोक्याकडे निघाले. चांगुणाबाई हलली नाही.

“बाई, बाजूला हो. फोटो आहे.”

“काढा की. पन हितं पानी नाय घालाचं.”

“मला ओळखत नाहीस काय?”

“वलखते ना. तुमच्या नाकात घालू काय तांब्या, मंग सांगा कसा वाटतं?”

फोटोग्राफर हसला आणि लगेच कॅमेऱ्यामागे तोंड लपवून बसला. नगरसेवकांनी शेवटी शेपटीवर अभिषेक केला. तो फोटो मी नंतर पेपरात पाहिला. खाली ‘देवमाशाच्या मस्तकावर जलाभिषेक’ असं छापलं होतं. कुणाच्या लक्षात आलं नाही.

ऊन उतरलं तसं पाणी आलं. आधी नुसती ओल, मग खड्ड्यांतून झिरपणारं पाणी, मग पहिली खरी लाट. गोणपाटं एकेक सुटून तरंगू लागली. आम्ही वीसएक माणसं कमरेइतक्या पाण्यात त्याला दोन्ही बाजूंनी धरून उभे होतो. धरून म्हणजे नुसते हात टेकवून. परबचे ओठ पुटपुटत होते. देवाशी बोलत होता की देवमाशाशी, मी विचारलं नाही. आणि मग माझ्या तळव्याखालचं ते प्रचंड वजन नाहीसं झालं. तो हलला नव्हता, फक्त हलका झाला होता. दिवसभर दगड असलेला देह पाण्यात कापसासारखा सैल झाला. आकाश आणि समुद्र दोन्ही तांब्याच्या रंगाचे होते, मध्ये रेघ नव्हती, आणि त्या एका रंगातच तो शिरला. शेपूट एकदा वर आली. थोड्या वेळानं लांबवर एक फवारा दिसला. की दिसला असं वाटलं.

नंतर मिळेल ते वाचत गेलो. लांबीवरून आमचं ते अजून पोरच असावं, असं वाटलं. देवमासे म्हणे एकमेकांना कित्येक मैलांवरून हाका मारतात. मला मुंबई बंदराबाहेरची जहाजांची रांग आठवायची, त्यांचे पाण्याखालचे पंखे, तेलाच्या विहिरींवरची यंत्रं, रात्रंदिवस घरघरणारी. एखाद्या पोराला आईची हाक ऐकू आली नाही आणि ते वर्सोव्याला पोचलं, असं झालं असेल का? पुस्तकं ठाम काही सांगत नव्हती. मीही सांगत नाही.

पुढच्या पावसाळ्याआधी साहेबांचा पुन्हा फोन आला. गोराईला एक मेलेला देवमासा लागला होता. “बघून या, तुमचाच आहे का.”

मी आणि परब होडीनं गेलो. चांगलाच मोठा होता. पाठीवर जहाजाच्या पंख्याच्या पात्यांनी पाडलेले एकसारखे घाव होते, सुरीनं पाव कापावा तसे. वल्ह्यावर दोराचा वण नव्हता. मी दोन्हीकडून पाहिलं. परबनंही पाहिलं. आम्हाला आनंद झाला आणि त्या देहासमोर उभं राहून आनंद झाल्याची थोडी लाजही वाटली.

“आपला नाही, साहेब,” मी फोनवर सांगितलं.

“झालं मग. मेलाय म्हणजे महापालिकेचा. ते पुरतील.”

“साहेब, एक विचारू? जिवंत किनाऱ्याला लागला तर आपला. मेला तर महापालिकेचा. आणि समुद्रात पोहत असतो तेव्हा कुणाच्या खात्यात?”

साहेबांनी प्रामाणिकपणे विचार केला.

“तेव्हा तक्रार येत नाही ना,” ते म्हणाले.